फाइल दिसते, पण उघडत नाही: सामायिक डिस्कवरचा ‘ऱ’चा घोळ

गणपती उठले की आमच्याकडे हा आजार सुरू होतो. दिवाळी अंकाचं काम गळ्याशी आलेलं असतं, छापखान्यातून फॉर्म्यांसाठी रोज फोन येत असतो, आणि नेमकी तेव्हाच मॅकवरून हाक येते, “अहो, ही फाइल उघडत नाहीये.” मी उठून जातो. फाइल तर समोर दिसतेय. दोनदा क्लिक केलं की मॅक सांगतो, आवश्यक गोष्ट सापडली नाही, त्रुटी क्रमांक वजा ४३. शेजारच्या विंडोजवर तीच फाइल बिनतक्रार उघडते.

आमचं ऑफिस पुण्यात पेठेतलं, दोन खोल्यांचं. टायपिंग, प्रूफ आणि हिशेब यांसाठी चार विंडोज मशीन, मांडणीसाठी दोन मॅक, माझा एक लिनक्स लॅपटॉप. टेबलाखाली एक जुना डबा आहे, तोच आमचा सर्व्हर. त्यात उबुंटू, म्हणजे लिनक्सच, आणि सांबा, म्हणजे लिनक्सवरची डिस्क विंडोज आणि मॅकला नेटवर्कवरून वापरू देणारा प्रोग्राम. त्या डब्यातली डिस्क सगळे मिळून वापरतात. लेखकाचा मजकूर आला की तिथे, प्रूफ तपासलं की तिथे, मांडणी झाली की पीडीएफही तिथेच. तीन जातींची मशीन एकाच डिस्कवर नांदत असताना भांडणं होणार हे मी धरून चाललो होतो. हे भांडण मात्र मला तीन वर्षं कळलंच नाही.

पहिल्या वर्षी केबल बदलली, नेटवर्कचा स्विच बदलला. दुसऱ्या वर्षी परवानग्यांवर संशय घेऊन सगळ्या फोल्डरवर सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकले, जे करू नये. तिसऱ्या वर्षी अँटीव्हायरसला शिव्या घातल्या. या सगळ्या काळात मांडणीवाल्या मुलाने स्वतःचा उपाय शोधून ठेवला होता. टायपिंगवाल्या ताईंना सांगायचं, “फाइलचं नाव बदलून नुसतं ‘लेख ७’ करा.” त्यांनी विंडोजवर बसून नाव बदललं की मॅकवर फाइल उघडायची. काम चालू राहिलं, म्हणून मीही खोलात गेलो नाही. खरं तर सगळं उत्तर त्या उपायातच होतं. नाव बदलल्यावर फाइल उघडते, याचा अर्थ दुखणं नावातच आहे.

गेल्या वर्षी वैतागून मी एका प्रूफच्या पाठकोऱ्या कागदावर न उघडणाऱ्या फायलींची नावं लिहून काढली. अकरा होती. शेतकऱ्यांची पत्रे, वऱ्हाडी कविता, मुलाखत दुसऱ्या भागासह, किनाऱ्याचे फोटो, कोऱ्या पानाची जाहिरात, असं सगळं. मी तारखा, आकार, कुणी बनवली, असं काय काय ताडून पाहत होतो. आमच्या प्रूफवाल्या बाई चहा घेताना त्या कागदावर नजर टाकून म्हणाल्या, “सगळ्यांत तो आडवा अर्धा र आहे की.”

झालं. तीन वर्षांचं दुखणं प्रूफवाचकाच्या नजरेने अर्ध्या मिनिटात पकडलं.

एकच नाव, दोन स्पेलिंग

‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे अख्खा ऱ, क्रमांक ०९३१. दुसरी म्हणजे साधा र, क्रमांक ०९३०, आणि त्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, क्रमांक ०९३सी. युनिकोडच्या नियमाप्रमाणे या दोन्ही गोष्टी एकच समजायच्या असतात आणि पडद्यावर त्या एकसारख्याच दिसतात. पहिल्या जोडून लिहिलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात आणि दुसऱ्या, सुट्या केलेल्या रूपाला एनएफडी.

डोळ्यांना फरक कळत नाही, पण डिस्कला कळतो. लिनक्सच्या एक्स्ट४ या रचनेच्या डिस्कवर फाइलचं नाव म्हणजे नुसती बाइटची माळ. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या रीतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘दुसऱ्या’ जोडून लिहिलं तर सात चिन्हं, एकवीस बाइट. सुटं लिहिलं तर आठ चिन्हं, चोवीस बाइट. डिस्कच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी नावं, आणि एका फोल्डरमध्ये दोन्ही सुखाने राहू शकतात. विंडोजची एनटीएफएस डिस्कही याबाबत तशीच आहे, त्यामुळे जुळ्या फायली विंडोजवर नेल्या तरी त्या जुळ्याच राहतात.

मराठीत नेहमीच्या वापरात असा दोन रूपांत मोडणारा ऱ हा एकच. ऴ आहे, पण तमिळ किंवा मल्याळम नावं देवनागरीत लिहिताना कुणी वापरलं तरच. म्हणून शंभर फायलींमधल्या नव्वद नीट चालतात आणि दहा रुसतात, आणि माणूस केबल बदलत बसतो. फ्रेंच लोकांना त्यांच्या स्वरचिन्हांमुळे हाच त्रास होतो. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्या ऑफिसला जन्मात होत नाही, त्यामुळे हार्डवेअरवाल्याला विचारलं तर तोही खांदे उडवतो. पूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मजकूर असायचा तेव्हा फाइलचं नाव रोमनमध्येच द्यावं लागायचं. युनिकोड आलं, नावं मराठीत आली, आणि त्यांच्याबरोबर हेही आलं.

सुटी नावं येतात कुठून

मॅककडून. पण आज समोर बसलेल्या मॅककडून नाही, म्हणून सापडायला वेळ लागला.

अ‍ॅपलची एचएफएस प्लस ही डिस्कची रचना १९९८ साली आली. तिच्यावर फाइल ठेवली की नाव सुटं करूनच लिहिलं जायचं, तुम्ही काहीही टाइप करा. २०१७ पासून एपीएफएस आली, ती नाव जसं आलं तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. म्हणजे मॅकवर काम करणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. त्याच्या घरी दोन्ही स्पेलिंग चालतात.

आणि मॅक सांबाशी एसएमबीवरून, म्हणजे नेटवर्कवर फायली वाटायच्या भाषेतून, बोलतो तेव्हा नावं जोडून पाठवतो. ही वागणूक चांगलीच आहे, पण सर्व्हरवर नाव सुटं असेल तर गंमत होते. मॅक यादी मागतो, सर्व्हर सुटं नाव देतो, मॅक ते दाखवतो. तुम्ही क्लिक करता, मॅक जोडलेल्या नावाने फाइल मागतो, सर्व्हर म्हणतो, या नावाचं इथे कुणी नाही. वजा ४३. विंडोज मात्र यादीत जे नाव आलं तेच जसंच्या तसं परत देतो, म्हणून तिथे दार उघडतं.

सांबाने यात काही करायला हवं होतं का? कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ते लिहायला घेतलं ते पीसीला युनिक्सची डिस्क दिसावी म्हणून. नावसुद्धा एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शब्दांच्या यादीत शोधून काढलेलं. आजही त्याचं काम मध्ये बसलेल्या दुभाष्याचं आहे. नेटवर्कवर नावं यूटीएफ-१६ या दुसऱ्या रीतीत येतात, डिस्कवर यूटीएफ-८ मध्ये ठेवायची, परत देताना उलट करायचं. अक्षर जोडलेलं आहे की सुटं, यात ते हात घालत नाही. मला हे बरोबर वाटतं. दुभाष्याने शुद्धलेखन तपासायला घेतलं तर दुसरेच घोळ होतील.

आमच्याकडे सुटी नावं आणत होता मीच. मांडणीच्या जुन्या मॅकला एक बाहेरची डिस्क लावलेली, एचएफएस प्लसवर चालणारी. तिच्यावरचे जुने अंक आणि लेखकांचं साहित्य रोज रात्री आरसिंक ही नक्कल करणारी कमांड वापरून सर्व्हरवर आणायची व्यवस्था मीच केली होती, आणि ती थेट सामायिक फोल्डरमध्ये उतरत होती. आरसिंक बाइट जसेच्या तसे नेतो. मॅकवर बनवलेल्या झिपमधूनही हेच होऊ शकतं, आणि मॅकने सर्व्हरची डिस्क एसएमबीऐवजी एनएफएसने, म्हणजे युनिक्सच्या पद्धतीने, जोडली असेल तरीही.

न उघडण्यापेक्षा वाईट

फाइल उघडली नाही तर माणूस ओरडतो, निदान कळतं तरी. खरं नुकसान दुसऱ्या वाटेने होत होतं.

मांडणीवाल्याला फाइल उघडली नाही की तो कधीकधी ताईंकडून मजकूर मेलने मागवून त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने साठवायचा. मॅकने ते नाव जोडून पाठवलं. आता फोल्डरमध्ये दोन फायली, नावात तसूभर फरक दिसत नाही. प्रूफवाल्या बाई विंडोजवर वरची उघडून दुरुस्त्या करायच्या. मॅकवर मांडणी व्हायची ती खालचीवरून. पानं छापून आली तेव्हा एका कवितेत बाईंनी तीनदा दुरुस्त केलेली चूक तशीच होती. कवीचं पत्र आलं. त्या पत्राला काय उत्तर द्यायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

अशा जुळ्या फायलींचं फोल्डर मॅकच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवू नका. मॅक दोन्ही नावं एक मानतो, त्यामुळे “या नावाची फाइल आहे, बदलू का?” असं विचारतो, आणि घाईत हो म्हटलं की दोनांतली एक गेली. कुठली गेली ते नंतर कळतं.

खात्री कशी करायची

कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

सगळ्यात सोपी परीक्षा अशी. सर्व्हरवर टर्मिनल उघडा, त्या फोल्डरमध्ये जा. एलएस ही यादी दाखवणारी कमांड लिहून पुढे फाइलचं नाव स्वतः कीबोर्डवर टाइप करा. “अशी फाइल नाही” असं आलं, तर यादीतून नाव माउसने उचलून चिकटवा आणि पुन्हा चालवा. चिकटवलेलं चाललं आणि टाइप केलेलं नाही, तर रोग हाच.

जास्त पक्कं हवं असेल तर नाव डब्ल्यूसी वजा सी या मोजणाऱ्या कमांडला पाइप करून, म्हणजे तिच्याकडे सोपवून, बाइट मोजा. हिशेबाला तीनने भाग द्या, चिन्हांची संख्या येते. ‘कोऱ्या’ अठराचा एकवीस झाला असेल तर र सुटा आहे. एलएसचं उत्तर पाइप करत असाल तर ओळ संपल्याचा एक बाइट आणि नावातली जागा, ठिपका, एक्स्टेन्शन यांचे एकेक बाइट आधी वजा करा, हे मी पहिल्यांदा विसरलो आणि उगाच अर्धा तास घालवला.

तपासणी सर्व्हरवर बसूनच करा. मॅकवरून जोडलेल्या डिस्कवर करू नका, कारण मध्ये मॅक आला की नाव डिस्कवर आहे त्याच रूपात तुमच्यापर्यंत येईल याचा भरवसा नाही.

दुरुस्ती

लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं छोटं हत्यार मिळतं, उबुंटूच्या नेहमीच्या भांडारातच आहे. ते फायलींची नावं एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतं, आतल्या मजकुराला हात लावत नाही. कुठून आणि कुठे या दोन्ही जागी यूटीएफ-८ द्यायचं, आतल्या सगळ्या फोल्डरसाठी वजा आर, आणि दोन वजा चिन्हं लावून एनएफसी.

याची एक सवय मला फार आवडते. असंच चालवलं तर ते काहीच बदलत नाही, फक्त काय बदललं असतं ते दाखवतं. यादी वाचा, पटली तर नोटेस्ट हा पर्याय जोडून पुन्हा चालवा. आणि जिथे जोडलेल्या नावाची फाइल आधीपासून आहे तिथे ते स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही, तक्रार करून पुढे जातं. ती तक्रारींची यादी म्हणजेच तुमच्या जुळ्यांची यादी. आमच्याकडे अशा सतरा जोड्या निघाल्या. त्या मी बाईंना शेजारी बसवून एकेक उघडून मिटवल्या. तारीख नवी म्हणून तीच खरी, असं समजू नका. आमच्या दोन जोड्यांत जुन्या तारखेच्या फाइलमध्ये दुरुस्त्या होत्या, कारण नंतरची फक्त नकलून ठेवलेली होती.

चालवण्याआधी बॅकअप घ्या, सगळ्यांना फायली बंद करायला सांगा, आणि तेवढा वेळ सांबा बंद ठेवा. रविवार बरा.

हे झालं साफसफाईचं. गळती बंद केली नाही तर महिन्याने पुन्हा पाणी साचणार. आरसिंकमध्ये नावं वाटेत बदलण्यासाठी आयकॉन्व्ह हा पर्याय आहे, मॅकच्या बाजूने चालवताना आधी यूटीएफ-८-मॅक आणि मग यूटीएफ-८ द्यायचं. पण अ‍ॅपलने वर्षानुवर्षं मॅकबरोबर दिलेला आरसिंक २.६.९ आवृत्तीचा, आणि हा पर्याय ३.० पासूनचा. म्हणजे होमब्रूमधून, मॅकसाठी असे प्रोग्राम देणाऱ्या भांडारातून, नवा आणावा लागतो. आणि पर्याय लिनक्सच्या बाजूने चालवत असाल तर क्रम उलटा, आधी यूटीएफ-८ आणि मग यूटीएफ-८-मॅक.

मी शेवटी दुसरंच केलं. रात्रीची नक्कल आता सामायिक फोल्डरमध्ये उतरतच नाही. ती सर्व्हरवरच्या एका वेगळ्या जागेत पडते, तिथे पहाटे क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, कन्व्हएमव्ही चालतं, आणि कुणाला जुनं काही हवं असेल तर त्या साफ झालेल्या जागेतून उचलतो. तिथे लिहायची परवानगी कुणालाच नाही. या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी बदल बहुतेक तोच.

तिसरा ऱ

एवढं करून मी आठवडाभर छाती काढून फिरलो. मग पुन्हा जुळी निघाली. बाइट मोजले तर चोवीसच, पण कन्व्हएमव्ही म्हणतं सगळं ठीक आहे.

‘दुसऱ्या’ लिहायची आणखी एक रीत आहे. साधा र, हलन्त, आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. दिसायला तोच आडवा र. इनस्क्रिप्ट या सरकारी मराठी कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की थेट ०९३१ मिळतो, पण काही फोनेटिक कीबोर्ड हे तीन चिन्हांचं रूप देतात. लेखक मोबाइलवर टाइप करून पाठवतो, फाइलचं नाव तसंच येतं. आपल्याकडचा माणूस तेच शीर्षक इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून साठवतो, आणि झाली दुसरी फाइल.

हे प्रकरण एनएफसीच्या हद्दीबाहेर आहे. युनिकोडच्या लेखी पहिली दोन रूपं एकमेकांचे अवतार आहेत, हे तिसरं परकं. त्यामुळे कुठलंही सरळीकरण त्याला हात लावत नाही. पायथनमध्ये आठ-दहा ओळी लिहून मी र, हलन्त, जोडचिन्ह असा क्रम दिसला की त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवतो, आणि त्या नावाची फाइल आधी असेल तर काही न करता मला कळवतो. नावांतली सगळीच जोडचिन्हं सरसकट उडवू नका. मराठीत ती इतर ठिकाणीही मुद्दाम वापरलेली असतात, जोडाक्षर फोडून अर्धं रूप दाखवायला.

हिंदी नावं येत असतील तर ड़ आणि ढ़ यांची गोष्ट उलटी आहे. तिथे अख्ख्या अक्षराला क्रमांक आहे, पण एनएफसीसुद्धा त्याला सुटंच करतं. म्हणून कन्व्हएमव्हीने ‘लड़का’ सुटा केला तर दचकू नका, नियम तसाच आहे.

नावाचेच आणखी चटके

ऱ सापडल्यावर मी इतर जुन्या तक्रारींकडेही त्याच नजरेने पाहिलं, आणि निम्म्या नावाच्याच निघाल्या.

“फाइलचं नाव फार मोठं आहे” ही एक. एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट. इंग्रजीत ती २५५ अक्षरं होतात, देवनागरीत ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगवेगळी धरून. विंडोजवर मर्यादा २५५ चिन्हांची, त्यामुळे तिथे सुखाने जन्मलेली फाइल सर्व्हरवर टाकताना अडते. आमच्याकडे लेखक नावातच लेखाचं शीर्षक, स्वतःचं नाव, “अंतिम”, “सुधारित अंतिम” आणि “हीच घ्यावी” एवढं लिहून पाठवतात. तिथे ८५ कधीच संपलेले असतात. सिनॉलॉजी कंपनीच्या तयार सर्व्हर-डब्यावर कूटबद्ध फोल्डर असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. तिथे तर ‘सुधारित’पर्यंतसुद्धा पोचत नाही.

दुसरी तक्रार, विंडोजवर एखाद्या फोल्डरचं नाव काहीतरी अगम्य दिसणं, चार-पाच रोमन अक्षरं आणि मध्ये नागमोडी रेघ. मॅकवर नावात तिरकी रेघ चालते, म्हणून मांडणीवाला ‘जाहिराती १२/९’ असा फोल्डर करतो. विंडोजला ती चालत नाही, मग सांबा एक तात्पुरतं नाव बनवून देतं. विंडोजला कोलनही चालत नाही, आणि आमच्याकडे विसर्गाऐवजी कोलन टाइप करणारे कमी नाहीत. शेवटी ठिपका असलेलं नावही विंडोजला पचत नाही, म्हणून ‘प्रा.’ किंवा ‘डॉ.’ वर संपणारे फोल्डर करू नका. सांबाच्या सेटिंगमध्ये व्हीएफएस ऑब्जेक्ट्सच्या ओळीत कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स एक्सअ‍ॅटर ही तीन नावं या क्रमाने घातली आणि फ्रूटचं एन्कोडिंग नेटिव्ह केलं की बरंचसं निस्तरतं. पण हे अंक सुरू होण्याआधी करा. मधेच बदललंत तर आधी विचित्र चिन्हांनी साठवलेली नावं मॅकवर बिघडलेली दिसतात.

त्याच फ्रूटमुळे ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या चार केबीच्या फायली विंडोजवर पडायच्याही थांबतात. बाईंनी एकदा त्यातलीच एक उघडून मला विचारलं होतं की लेखक चिनी आहे का.

नाव ठीक असूनही सर्व्हर दिसत नसेल

हे थोडक्यात, कारण यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. विंडोजच्या नेटवर्क यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. यादी भरण्याची जुनी पद्धत एसएमबी-१ या एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीवर उभी होती, आणि मे २०१७ मधल्या वॉनाक्राय व्हायरसच्या हल्ल्यानंतर त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या मशीनवर एसएमबी-१ घातलंच जात नाही. सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम बसवा, यादीत नाव येईल. तोवर पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचा आयपी टाका. यादीत नाव यावं म्हणून एसएमबी-१ परत सुरू करायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर आमच्या हिशेबाच्या मशीनचा राउटरला लावलेल्या यूएसबी डिस्कशी संबंध तुटला. प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचा पाहुणा प्रवेश आता बंद असतो आणि एसएमबी स्वाक्षरी, म्हणजे प्रत्येक संदेश खरा असल्याची खूण, सक्तीची असते. रजिस्ट्रीत खुडबूड करून हे उलटवता येतं. मी ती डिस्क काढून सर्व्हरला लावली आणि हिशेबनीसाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड दिला.

पासवर्ड बरोबर असूनही विंडोज १२१९ क्रमांकाची त्रुटी देत असेल तर त्याच सर्व्हरशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. नेट यूज ही विंडोजची कमांड चालवून पाहा, जुनी जोडणी काढा, मग नव्याने जोडा.

आणि माझ्यासारखं तीच डिस्क एका बाजूने सांबाने आणि दुसऱ्या बाजूने एनएफएसने वाटत असाल तर लिहिण्यासाठी एकच रस्ता ठेवा. एकाने लावलेलं कुलूप दुसऱ्याला दिसेलच असं नाही. माझा लॅपटॉप आता मीही एसएमबीनेच जोडतो.

अजूनही एखादी फाइल मॅकवर वजा ४३ म्हणत असेल आणि बाइट मात्र बरोबर भरत असतील, तर तिच्या वरच्या फोल्डरचं नाव मोजा. आमची शेवटची रुसलेली फाइल ‘जाहिरात २’ होती, नावात ऱ औषधालाही नाही. ती ज्या फोल्डरमध्ये बसली होती त्याचं नाव होतं ‘तिसऱ्या फेरीचे’.